स्टेटस, निवेदन आणि मागचे बाक: सोलापूरच्या एका कॉलेजातलं प्रकरण

आधीच सांगतो, कॉलेजचं नाव देत नाहीये आणि मुलांची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम बदललेत. मी तिथं शिकवतो, शिस्त समितीवर होतो, त्यामुळं बरंचसं डोळ्यांदेखत घडलंय, बाकीचं एन.एस.एस.च्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, सरांकडनं आणि पोरांकडनं कळलंय. विद्यार्थ्यांमध्ये धर्मनिरपेक्षता रुजवा असं आम्हाला सगळे सांगतात, पण कशी ते कोण सांगत नाही. २० ऑगस्टला सद्भावना दिवसाची शपथ घ्यायची, फोटो अपलोड करायचे, अहवाल पाठवायचा, विषय संपला. त्यामुळं खरंच वेळ आली तेव्हा आमच्यापैकी कुणालाच पुढची स्टेप माहीत नव्हती.

पार्श्वभूमी

सोलापूर बाहेरच्यांना चादरीमुळं माहिती. गिरण्या आणि मागांच्या नादानं इथं लोक आले, तेलंगणातनं पद्मशाली विणकर आले, मोमीन विणकर आले, लिंगायत समाज तर पिढ्यान्‌पिढ्यांचा इथलाच, त्यामुळं एका रिक्षा स्टॉपवर उभं राहिलात तर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही भाषा कानावर पडतात आणि रिक्षावाला चारहीत भाव करतो. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरली की आख्खं गाव तिकडं लोटतं. हे सगळं खरंय, आणि भाषणात हेच सांगितलं जातं.

भाषणात जे येत नाही ते शाळेचं. इथं मराठी माध्यमाच्या शाळा वेगळ्या, उर्दूच्या वेगळ्या, तेलुगू आणि कन्नडच्याही आहेत. माध्यम भाषेचं असलं तरी त्यातनं समाजच वेगळे होतात. म्हणजे विडी घरकुल या बहुतांश तेलुगू वस्तीतलं पोरगं आणि नई जिंदगी या बहुतांश मुस्लिम वस्तीतलं पोरगं एकाच शहरात वाढतं, एकाच गड्ड्यावर पाळण्यात बसतं, पण एका बाकावर पहिल्यांदा बसायची वेळ येते ती थेट कॉलेजात, वयाच्या सतरा-अठराव्या वर्षी. तोवर एकमेकांबद्दलचं जे काय ज्ञान आहे ते घरातलं, गल्लीतलं आणि मोबाईलमधलं.

घरातलं म्हणजे काय तेही सांगायला हवं. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये सोलापुरात दंगल झाली, अमेरिकेतला एक धर्मोपदेशक तिथल्या टीव्हीवर पैगंबरांबद्दल काहीबाही बोलला, इथं बंद पुकारला आणि त्यातनं माणसं मेली. आमची आत्ताची पोरं त्यानंतर जन्मलेली. पण आईबापाला ते दिवस आठवतात, आणि गावात जरा काय झालं की घरी फोन जातो, "ये लवकर घरी, तिकडनं येऊ नको."

आमच्या एस.वाय.बी.ए.च्या वर्गात साधारण एक तृतीयांश पोरं उर्दू माध्यमातनं आलेली. ती मागच्या बाकांवर बसायची. लेक्चर मराठीत, नोट्स मराठीत, फळ्यावरचं लिहून घेताना मागं पडायची, विचारायला लाजायची. आम्ही सगळ्यांनी ते रोज बघितलेलं होतं आणि "ती पोरं शांत असतात" असं म्हणून सोडून दिलेलं होतं.

झालं काय

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरनं जे झालं ते सगळ्यांना माहितीय, बंद, दगडफेक, इंटरनेट बंद. त्यानंतर काही महिने सगळीकडं स्टेटस बघायची एक नजरच तयार झाली होती. त्याच काळात आमच्या एस.वाय.च्या एका पोरानं रात्री एका ऐतिहासिक राजाचा फोटो स्टेटसला टाकला, मागं गाणं. कुणाचा फोटो ते लिहीत नाही, लिहिलं की वाचणारा तिथंच बाजू घेतो आणि पुढचं वाचतच नाही. वर्गातल्याच दुसऱ्या पोरानं स्क्रीनशॉट काढला, त्यावर शिवी लिहिली, खाली त्याचा मोबाईल नंबर आणि राहायची गल्ली लिहिली आणि आपल्या भागातल्या ग्रुपवर टाकला. तिथनं तो कुठं कुठं गेला त्याला हिशोब नाही. रात्रीतनं त्या पोराला अनोळखी नंबरवरनं फोन सुरू झाले, घरासमोर टोळकं जमलं, आईनं घराला कुलूप लावून धाकट्या बहिणीला घेऊन मावशीकडं रात्र काढली.

सकाळी कॉलेजच्या गेटवर बाहेरची माणसं निवेदन घेऊन हजर. मागणी अशी की पोराला आजच्या आज काढून टाका आणि कॉलेजनं स्वतः गुन्हा दाखल करा. दुपारनंतर दुसऱ्या बाजूचे वडीलधारे आले, त्यांचं म्हणणं नंबर पसरवणाऱ्यावर कारवाई करा, उद्या पोराला कोण मारलं तर जबाबदार कोण. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधनं पोरं भराभर लेफ्ट झाली आणि संध्याकाळपर्यंत दोन ग्रुप तयार, नोट्स एका ग्रुपवर यायच्या त्या दुसऱ्यावर जायच्या नाहीत. बाकांच्या रांगा आधीपासून वेगळ्याच होत्या, आता त्याला कारण मिळालं.

समोर काय काय होतं

पहिला पर्याय सरळ होता, पोराला सस्पेंड करायचं, गर्दी घरी जाईल. स्टाफरूममध्ये निम्म्या लोकांचं हेच मत होतं आणि ते सगळे काही द्वेषानं बोलत नव्हते, काहींना खरंच वाटत होतं की पोरगं चार दिवस लांब राहिलं तर सुरक्षित राहील. दुसरा पर्याय पोलिसांवर सोपवायचं. पण तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचं कलम २९५अ लागलं तर गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, त्यात धार्मिक भावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं दुखावल्याचं सिद्ध व्हावं लागतं हे खरं, पण ते होईल तेव्हा होईल, तोवर पोलीस भरतीचा फॉर्म भरणाऱ्या पोराच्या चारित्र्य पडताळणीचं वाटोळं. तिसरा पर्याय काहीच करायचा नाही, आठ दिवसांत सगळे विसरतात.

चौथा संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांचा लाडका, सर्वधर्म सद्भावना रॅली. पोरांना वेगवेगळ्या धर्माचे पोशाख घालून पुढं चालवायचं, चार धर्मगुरू स्टेजवर, पेपरला बातमी. आणि पाचवा, जो तेव्हा कुणी पर्याय म्हणून मांडलाच नव्हता, की आधी ते मागचे बाक हलवायचे.

पहिला निर्णय: दोघांनाही

प्राचार्य मॅडमनी निवेदन घेतलं, पोच दिली, चहा पाजला आणि सांगितलं की कारवाई शिस्त समिती करेल आणि ती फक्त आमच्या विद्यार्थ्यांवर, आमच्या नियमानं. पोलीस स्टेशनला त्यांनी स्वतः फोन करून कळवलं, गेटवर दोन पोलीस बसवून घेतले, कॉलेजतर्फे तक्रार मात्र दिली नाही. समितीनं दोन्ही पोरांना पालकांसह वेगवेगळं बोलावलं. निर्णय असा झाला, दोघांनी पोस्ट काढायची, दोघांनी लिहून द्यायचं, दोघांनी पंधरा दिवस लेक्चर संपल्यावर लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम करायचं, वेगवेगळ्या वेळी.

दोन्हीकडची माणसं भडकली. "दोघांना सारखं कसं काय?" हा प्रश्न दोन्ही बाजूंनी शब्दशः सारखाच आला. माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे की दोन गोष्टी सारख्या नव्हत्या. फोटो टाकणं आगाऊपणा होता, नंबर आणि गल्ली पसरवणं धोकादायक होतं, त्यात कुणाचा जीव गेला असता. मी समितीत तसं बोललोही. मॅडमचं उत्तर असं की सर, आज गेटवर उभ्या असलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगायला मला एक तास लागेल आणि माझ्याकडं दहा मिनिटं आहेत. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण नंतर वातावरण थंड झाल्यावर वर्गात हा फरक सांगायला हवा होता असं मी म्हणत राहिलो, तो कुणी सांगितला नाही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली जी कागदावर कुठंच नाही. स्टेटसवाल्या पोराचा बाप, पॉवरलूमवर कामाला, समितीसमोर पोराच्या थोबाडीत द्यायला उठला. दुसऱ्या पोराचे वडील, जे दार उघडं बघून बाहेरच्या बाकावरनं आत आले होते, त्यांनी त्याचा हात धरला आणि म्हणले, "राहू द्या भाई, माझाबी तसलाच आहे." बस्स, एवढंच. दोघं पुढं काही मित्र वगैरे झाले नाहीत.

दुसरा निर्णय: रॅली नको

रॅलीचा प्रस्ताव जवळजवळ ठरलाच होता. मग एन.एस.एस.च्या सरांनी मुलींची एक छोटी बैठक घेतली आणि तिथं एक उर्दू माध्यमातनं आलेली मुलगी म्हणाली, "सर, पाचवीपासून प्रत्येक कार्यक्रमात मला हिरवा दुपट्टा घालूनच उभं करतात. मला एकदा नुसतं सूत्रसंचालन करू द्या ना." हे मॅडमच्या कानावर गेलं आणि रॅली बारगळली. पदाधिकारी नाराज झाले ते अजून आहेत.

त्याऐवजी इतिहासाच्या मॅडमनी एक गोष्ट सुचवली जी त्यांनी एका कार्यशाळेत ऐकली होती. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात शाळांमध्ये गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची पोरं पहिल्यांदाच एकत्र बसायला लागली, वर्गावर्गात मारामाऱ्या व्हायला लागल्या, तेव्हा इलियट अॅरन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक पोराला एकच तुकडा द्यायचा असं सुरू केलं. बाकीचा धडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळणार नाही आणि परीक्षा मात्र सगळ्यावर. तिथंही इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या पोराला आधी सगळे हसले, मग लक्षात आलं की ह्याला हसून आपलेच मार्क जाणार. त्याच्या आधी, १९५४ मध्ये, गॉर्डन ऑलपोर्टनं लिहून ठेवलंय की दोन गटांतली माणसं नुसती एकत्र आणून पूर्वग्रह जात नाहीत, दर्जा बरोबरीचा पाहिजे, काम सामायिक पाहिजे, एकमेकांच्या मदतीशिवाय ते होऊ नये आणि वरच्यांचा त्याला उघड पाठिंबा पाहिजे. वरच्यांचा पाठिंबा सोडला तर आमची रॅली यातल्या एकातही बसत नव्हती.

तिसरा निर्णय: १९३० चे तुकडे

विषय घेतला सोलापूरचा मार्शल लॉ. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर इथं आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला आणि पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली. चौघांचे पुतळे रोज बसमधनं दिसतात, नावं मात्र वर्गात चारही सांगणारं पोरगं सापडलं नाही.

पाच-पाच जणांचे गट केले, गट मॅडमनी पाडले, पोरांना निवडू दिले नाहीत. एकाला गिरणी कामगारांचा भाग, एकाला मार्शल लॉचे नियम, एकाला खटला, एकाला फाशीनंतरचं, एकाला तेव्हाची वर्तमानपत्रं. इंटर्नलचे मार्क गटाला. सुरुवात वाईट झाली हे सांगायला हवं. एका गटात उर्दू माध्यमाचा पोरगा खटल्याचा भाग सांगताना "अपील"च्या पुढं गेलाच नाही, दोघं फिदीफिदी हसले, तो उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी नियम बदलला, ज्याला मराठीत अडतं त्यानं हिंदीत, दखनी उर्दूत, कशातही सांगावं, बाकीच्यांनी मराठीत लिहून काढायचं आणि त्याच्याकडनं तपासून घ्यायचं. इथं काम फिरलं. आता चूक लिहिली तर हसणाऱ्याची चूक होती.

आणि एक अनपेक्षित झालं. सादरीकरणात एक गट कुर्बान हुसेन यांच्यावरच जास्त बोलायला लागला, बघा, मुसलमान सुद्धा होते, या सुरात. तेव्हा तीच सूत्रसंचालनवाली मुलगी म्हणाली, "सुद्धा म्हणजे काय? बाकीच्या तिघांना तुम्ही सुद्धा लावलं का?" वर्ग चिडीचूप. मॅडमनी पुढची अर्धी तासिका त्यावरच घालवली आणि माझ्या मते वर्षभरात जे काय शिकवलं गेलं त्यातलं सगळ्यात मोलाचं तेच होतं. अल्पसंख्य पोराला प्रत्येक वेळी देशभक्तीची पावती दाखवायला लावणं हे आपण सद्भावनेच्या नावाखालीच करत असतो.

चौथा निर्णय: शिबिराचं वेळापत्रक

हिवाळ्यात एन.एस.एस.चं सात दिवसांचं शिबिर, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या दत्तक गावात. इथं प्रश्न अगदी साधे आणि म्हणूनच अवघड होते. उद्घाटनाला नारळ फोडायचा का? सकाळची प्रार्थना कुठली? शुक्रवारी नमाजला जायचं म्हणणाऱ्यांना सोडायचं का?

एका ज्येष्ठ सरांचा आक्षेप रोखठोक होता, "नारळ, दीपप्रज्वलन इतकी वर्षं चालतंय, आमचंच का बंद करायचं, आणि त्यांना मात्र शुक्रवारची सूट?" हा आक्षेप बऱ्याच जणांच्या मनात असतो, बोलून दाखवला ते बरंच झालं. संविधानाचं कलम २८ सांगतं की संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक उपासनेला बसवता येत नाही. पण नुसतं कलम वाचून सरांचं समाधान होणार नव्हतं आणि झालंही नाही. समाधान झालं ते वेळापत्रकानं. एन.एस.एस.च्या सरांनी सातही दिवस दुपारची सुट्टी पाऊण ते सव्वादोन केली, सगळ्यांना. त्या वेळात कोण गावातल्या मशिदीत गेलं, कोण झोपलं, कोण मारुतीच्या देवळात जाऊन बसलं, कुणी कुणाला विचारायचं नाही. सूट कुणालाच नाही, त्यामुळं उपकारही कुणावर नाही. उद्घाटन सरपंच बाईंनी पहिलं पोतं भरून केलं. सकाळी दोन मिनिटं शांतता आणि संविधानाची उद्देशिका, जी पोरांना शाळेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांमुळं पाठच असते.

काम होतं वनराई बंधाऱ्याचं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात माती भरायची, तोंड शिवायचं, ओढ्यापर्यंत रांग लावून हातोहात द्यायची. पोतं हातातनं हातात जाताना शेजारी कोण उभंय ते बघायला वेळ नसतो, नीट धरलं नाही तर पायावर पडतं. दाभणानं पोती शिवायला सुरुवातीला फक्त मुली बसल्या, तिसऱ्या दिवशी लूमवर सुट्टीत काम केलेल्या पोरांनी दाभणं हातात घेतली आणि वेग दुप्पट झाला.

स्वयंपाकाच्या तुकड्या मिसळून पाडल्या होत्या. शेवटच्या दिवशी मटण पाहिजे म्हणून भांडण झालं आणि ते बघून आम्हाला हसू आवरेना, कारण मटणवाल्यांमध्ये मराठा, पद्मशाली, मुस्लिम पोरं खांद्याला खांदा लावून, आणि विरोधात लिंगायत, जैन पोरं आणि एक वारकरी घरातला मराठा. हिंदू-मुस्लिम अशी रेघ कुठं ओढायची तेच कळेना. सरांनी शाळेच्या आवारात मटण शिजणार नाही म्हणून विषय संपवला आणि सगळ्यांनी मिळून सरांना नावं ठेवली, शेंगा चटणी आणि कडक भाकरी खात.

निकाल काय

दोन ग्रुपचा परत एक ग्रुप झाला, अॅडमिन दोघी मुली. बाकांवर थोडी सरमिसळ दिसते, इंटर्नल संपल्यावर काहीजण परत जुन्या जागेवर गेले. स्टेटसवाला आणि स्क्रीनशॉटवाला एकमेकांशी आजही बोलत नाहीत. पहिला पास झाला, पोलीस भरतीची तयारी करतोय. पुढच्या वर्षी सणांच्या दिवसांत आणखी एका पोरानं भडक स्टेटस टाकलं तेव्हा वर्गातल्याच पोरांनी त्याला फोन करून अर्ध्या तासात काढायला लावलं, स्क्रीनशॉट बाहेर गेला नाही. याचं श्रेय शिबिराला द्यायचं की भीतीला हे मला ठरवता येत नाही, पोरांनी बघितलं होतं की आधीच्याच्या आईला घर सोडावं लागलं.

शिबिरात न आलेल्यांचाही हिशोब द्यायला हवा. सात दिवस बाहेरगावी मुक्काम म्हणल्यावर बऱ्याच मुलींना घरनं परवानगीच मिळाली नाही, त्यात दोन्ही समाजाच्या होत्या. म्हणजे ज्यांना बदलायला सगळ्यात कमी संधी मिळते त्याच बाहेर राहिल्या.

वेगळं काय करता आलं असतं

एक तर पालक. आम्ही त्यांना फक्त गुन्हा झाल्यावर बोलावलं. विडी कारखान्यात पान-तंबाखू आणायला जाणाऱ्या आया, लूमवरचे बाप, यांना दुपारी अकराला कॉलेजात या म्हणलं तर एक दिवसाची मजुरी जाते, त्यामुळं पालक सभा रिकाम्या राहतात. सुट्टीच्या दिवशी, वस्तीत जाऊन, ती घेता येते.

दुसरं, भाषेचा ब्रिज कोर्स. एफ.वाय.च्या पहिल्या महिन्यात उर्दू, तेलुगू आणि कन्नड माध्यमाच्या पोरांना मराठीतल्या विषयांच्या शब्दांची ओळख करून दिली असती तर मागचे बाक एवढे घट्ट झालेच नसते. आमच्याकडं धर्माचा प्रश्न म्हणून जे आलं त्याचा निम्मा भाग नोट्स न कळण्याचा होता, आणि हे निम्मं तरी कॉलेजच्या हातात असतं.

तिसरं, ज्याचा नंबर पसरला त्याच्यासाठी आम्ही काहीच केलं नाही. सिम बदललं ते त्यानं, भाड्याचं घर बदललं ते त्याच्या बापानं. शिस्त समितीच्या फायलीत शिक्षा आहे, संरक्षणाचं एक वाक्य नाही.

ब्रिज कोर्सचा प्रस्ताव इतिहासाच्या मॅडमनी आणि मी मिळून दिलाय. तासिकेचं मानधन कुठल्या हेडमधनं टाकायचं यावर तो सध्या अकाउंट सेक्शनला अडकलाय, आणि एफ.वाय.ची नवीन बॅच आलीसुद्धा.